चंदनावहिनी आणि एसीचे विझलेले दिवे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या बोळात तीन दुकानं एकाला एक चिकटून आहेत. पहिलं बापूसो चौगुल्यांचं, गाड्यांच्या सीट कव्हरचं. मधलं माझं, नंबरप्लेट आणि रेडियमचं. कोपऱ्यावरचं आकाराम मिस्त्रीचं, गाड्यांच्या वायरिंगचं. समोर लेथ चालू असतं, त्यामुळं इथं हळू आवाजात कुणी बोलतच नाही. नवीन माणसाला वाटतं, आमची भांडणं लागलीत.

या सगळ्या गलक्यात शांत बसून काम करणारं एकच माणूस होतं, बापूसोंची बायको चंदनावहिनी. दुकानाच्या आतल्या बाजूला शिलाई मशीन, त्यावर त्या रेक्झिन शिवत बसायच्या. वय पन्नाशीला आलेलं, चष्मा नाकावर, पदर कमरेला खोचलेला. गिऱ्हाईक आलं तर बापूसो बोलायचे, वहिनी फक्त मापं ऐकायच्या. वर्षानुवर्षं मी त्यांना असंच बघत आलो होतो. त्यामुळं गेल्या श्रावणात त्यांनी जे केलं, ते सांगताना मला अजून हुरूप येतो.

वहिनींचं माहेर हुपरी. घरात चांदीचं काम. बाप पैंजण घडवायचा आणि घुंगरू जोडायचं काम घरातल्या बायकांकडं असायचं. वहिनी शाळेतून आल्या की दप्तर टाकून आईशेजारी बसायच्या. एका हातात चिमटा, तोंडात फुकणी. दिव्याच्या ज्योतीला फुंकर घालून ती नेमकी घुंगराच्या कडीवर आणायची आणि चांदीचा डाग देऊन कडी जोडायची. फुंकर कमी पडली तर डाग वितळत नाही, जास्त झाली तर घुंगरूच वितळून जातं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि ते काम सुटलं. दुकानाला शिवणारं माणूस पाहिजे होतं, म्हणून त्या मशीनवर बसल्या. चांदीबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "व्हय, करत होतो की लहानपणी."

तर श्रावणातला दिवस. पाऊस सकाळपासून बारीक लागलेला. एक जुनी पांढरी गाडी बोळात शिरली आणि बापूसोंच्या दारात थांबली. चालवणारा तिशीतला पोरगा, अंगानं सडपातळ, डोळे भलतेच चपळ. शेजारी त्याची आई, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. आई उतरली ती बोलतच.

"पावणं, मागची सीट पार फाटलीया. खोकी चढवून चढवून तिची चाळण झालीया. पण सीट ऱ्हाऊ द्या जरा, आदी ह्ये दिवं बघा!"

बाईंचं नाव चिमणाबाई. मलकापूरच्या. पोराचं नाव ऋतुराज. त्याची मलकापुरात छोटी बेकरी आहे, खारी आणि टोस्टची खोकी गाडीत भरून तो आंबा घाट उतरून साखरप्याकडच्या दुकानांना पोचवतो. तो जन्मापासून ऐकू शकत नाही, बोलतही नाही. समोरच्याच्या ओठांवरून बरंचसं ओळखतो, उरलेलं फोनवर टाइप करून दाखवतो. गाडी चालवण्याचा परवाना त्यानं रीतसर काढलेला, आणि गाडी अशी चालवतो की बघत राहावं.

बापूसो म्हणाले, "मावशी, आम्ही सीटवालं. दिव्याचं काम आकारामचं."

आकाराम हात पुसत आला. गाडीत डोकावला. एसीच्या पॅनेलवर बटणं होती, प्रत्येक बटणावर एक बारीक दिवा. एसी सुरू केला की हिरवा दिवा लागायला पाहिजे, गाडीतलीच हवा आत फिरवायचं बटण दाबलं की नारिंगी. दोन्ही मेलेले. बाकीचे चालू.

"एसी चालतोय की," आकाराम म्हणाला, "दिवं गेलं म्हणून काय बिघडलं? एसी सुरू झाला की कट्टकन आवाज येतोय इंजनाकडनं. त्येच्यावरनं कळतंय."

चिमणाबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग पोराकडं बोट केलं.

आकारामच्या लक्षात आलं. त्यानं जीभ चावली. "चुकलं माझं, मावशी."

मग चिमणाबाईंनी सांगितलं ते असं. ही बटणं दाबली की आत जात नाहीत, परत वर येतात. त्यामुळं काय चालू आहे आणि काय बंद, हे दिव्याशिवाय बघून कळतच नाही. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं असतं. एसी चालू असला तर काच आतून कोरडी राहते. पण एसी बंद राहिला आणि हवा आतल्या आतच फिरत राहिली, की सगळी काच श्वासानं पांढरी होते. आषाढात एका वळणावर तसंच झालं. ऋतुराजनं बटण दाबलं, त्याला वाटलं एसी सुरू झाला, खरं तर चालू असलेला बंद झाला होता. काच दुधासारखी झाली. त्यानं गाडी तिथंच उभी केली. मागनं ट्रक येत होता, हॉर्नवर हॉर्न देत होता. तो ह्याला कसा ऐकू येणार?

"मी शेजारी हुते म्हणून वाचलो," चिमणाबाई म्हणाल्या. "तेच्या दंडाला धरून हलवलं, कडेला घे म्हणून. तवापासनं मी रोज बसतीया गाडीत. म्हशी शेजारणीच्या जिवावर, घर वाऱ्यावर. आनि ह्येलाबी आवडत न्हाय आई संगट घिऊन फिराय. मोठ्या मोठ्या ठिकाणी दावली गाडी. सगळी म्हंत्यात, पॅनेल बदला. आनि पॅनेल कुठं हाय? ही गाडी निघायचीच बंद झालीया!"

ऋतुराज आईच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं फोनवर काहीतरी टाइप केलं आणि आम्हाला दाखवलं. 'आई खूप दमते. मला एकट्यानं जायचं आहे.'

आकाराम डोकं खाजवत म्हणाला, "पॅनेल काढून उघडीन मी. पण आत दिवा असतोय तिळाएवढा. माझी सोल्डरगन मुसळागत, आनि डोळं हे असं. मला न्हाय जमायचं ते, उगं खोटं कशाला बोलू?"

मशीनचा आवाज बंद झाला. आम्ही वळून बघितलं. चंदनावहिनी उठून दारात आल्या होत्या.

"आकारामभाऊजी, तो दिवा डाग देऊनच बसवलेला असतोय न्हवं?"

"व्हय. सोल्डरचा डाग."

"मग मी बघू का?"

बापूसो एकदम म्हणाले, "अगं, दुसऱ्याची गाडी हाय! काय तरी मोडलं म्हंजे?"

"मोडलं तर मोडलं असं न्हवं, आधी इचारूया की तेंना."

आणि त्या थेट ऋतुराजसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एकेक शब्द सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाल्या, "मी चांदीला डाग दिलेत. ह्याला कधी दिला न्हाई. बिघडलं तर तुझा एसी पूर्ण बंद पडंल. करू?"

ऋतुराजनं त्यांच्या हातांकडं बघितलं. मग फोन काढायच्या भानगडीत न पडता त्यानं स्वतःच गाडीची चावी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.

झालं! बोळात एकदम कामाला जोर आला. आकारामनं बॅटरीची वायर सोडली, प्लॅस्टिकच्या पट्टीनं डॅशबोर्डची चौकट हळूहळू उचकटली. एकेक क्लिप कट्टकन सुटली की चिमणाबाई "आगं आई!" म्हणायच्या. पॅनेल बाहेर आलं, मागचे वायरींचे कपलर निघाले. माझ्या दुकानात रेडियमची बारीक अक्षरं सोलायला भिंगाचा दिवा आणि टोकदार चिमटे असतात, ते मी आणून दिले. समोरच्या मोबाईलवाल्याकडनं बारीक टोकाची सोल्डरगन आणली. शिलाई मशीनवरचं रेक्झिन बाजूला झालं आणि तिथं पॅनेल ठेवलं.

वहिनींनी स्क्रू काढून मागचं झाकण उचललं आणि आतून एक पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा टुणकन उडाला! बटणापर्यंत उजेड पोचवणारा तो तुकडा, त्याच्याशिवाय दिवा लागूनही दिसला नसता. सगळे खाली वाकलो. मशीनखाली, सीटच्या फोमखाली, माझ्या चपलेखाली. सापडेना. शेवटी ऋतुराजनं आईच्या लुगड्याकडं बोट केलं. निऱ्यांत अडकून बसला होता. त्याच्या नजरेतनं काही सुटत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

आकारामनं मीटरची सुई दिव्याच्या दोन्ही टोकांना लावली. हिरवा मेलेला. नारिंगी मात्र लुकलुकला. "ह्यो चांगला हाय," तो म्हणाला. "कुठं तरी कपलर सैल असंल. नुसता हिरवा बदला."

हिरवे दिवे आणायला बापूसो गेले. इतका वेळ नको नको म्हणणारा माणूस, पण गाडीला किक मारून भर पावसात शाहूपुरीत गेला आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर दिवे घेऊन आला. भिजलेले, पण पुडी शर्टच्या आत कोरडी ठेवलेली.

वहिनींनी चष्मा सारखा केला, भिंग ओढलं. जुना दिवा निघाला. नवा चिमट्यात धरला, सोल्डरगन टेकवली. आणि बारीक धूर आला. दिवा पिवळा पडून एका बाजूला बसला.

"जळला," वहिनी म्हणाल्या. "चांदी जरा वेळ तापवाय लागती. ह्यो लगेच वितळाय लागलाय. नाजूक हाय लई."

बापूसो काही बोलणार होते, पण चिमणाबाईंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसरा दिवा. या वेळी वहिनींनी सोल्डरगन नुसती टेकवली आणि उचलली. डाग असा बसला की आकाराम भिंगातून बघून म्हणाला, "आयला! कंपनीचा वाटतोय!" त्यानं मीटर लावलं. दिवा काही लागेना. परत लावलं. नाही.

वहिनींचा चेहरा उतरला. "डाग तर चांगला हाय की वो."

आकारामनं सुया अदलाबदल करून लावल्या आणि दिवा झळकला. तो हसायलाच लागला. "वहिनी, उलटा बसलाय! ह्येला तोंड आनि शेपूट असतंय. एका बाजूनंच वीज जाती ह्यातनं."

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"मला वाटलं तुमास्नी म्हाईत हाय."

"मला कुठनं म्हाईत? घुंगराला कुठं शेपूट असतंय!"

सगळे खदखदा हसलो. ऋतुराजला काय झालं ते कळेना, म्हणून त्यानं आईला खूण केली. चिमणाबाईंनी हातानं शेपूट काढून दाखवलं. मग तोही हसला.

वहिनींनी दिवा सोडवला, फिरवला, परत बसवला. आकारामनं मीटर लावलं.

लागला! तिळाएवढा दिवा, पण दुकानाच्या त्या कोंदट उजेडात असा हिरवागार चमकला की वहिनींच्या तोंडून "हाऽऽ!" असा आवाज निघाला. बायका तान्ह्या पोरानं पहिलं पाऊल टाकल्यावर करतात तसा. त्या उभ्या राहिल्या, परत बसल्या, परत भिंगातून बघितलं. "जोतीराम, बघ की! बघ की रं!" असं मला दोनदा म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढ्या मोठ्यानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

घाईघाईनं पॅनेल बंद केलं, गाडीत बसवलं, बॅटरी जोडली. ऋतुराज चालकाच्या सीटवर. एसीचं बटण दाबलं. हिरवा लागला! बोळात आरडाओरडा. त्यानं दुसरं बटण दाबलं. नारिंगी काही लागेना.

आकाराम कपलर हलवून बघायला लागला. "मीटरवर तर लागतोय आनि गाडीत लागंना. म्हंजे बोर्डातलं आतलंच काय तरी गेलंय. ते आपल्या हातातलं न्हवं."

ऋतुराज मात्र पॅनेलवरून नजर काढत नव्हता. त्यानं अंगठ्यानं पॅनेलची उजवी कड जरा दाबली. मग सोडली. मग परत दाबली. आणि वहिनींचा हात धरून त्यांचं बोट त्याच जागी ठेवलं. वहिनींनी दाबलं. क्षणभर, अगदी डोळ्याची पापणी लवावी तेवढा वेळ, नारिंगी दिवा लुकलुकून गेला. आमच्यापैकी कुणालाच ते आधी दिसलं नव्हतं. त्याला दिसलं.

वहिनींचे डोळे मोठे झाले. "आकारामभाऊजी! दिवा चांगला हाय, डागाला चीर गेलीया! दाबलं की चीर मिटती, सोडलं की उघडती. तुमच्या मीटरची सुईबी दाबतच होती की तिथं, म्हणून मीटरला लागला!"

आकारामनं कपाळावर हात मारला. "बरोबर की! आसंच आसणार! काढा परत!"

परत सगळं काढलं. भिंगाखाली डाग बघितला, तर खरंच, डागाभोवती केसापेक्षा बारीक गोल चीर. वहिनी म्हणाल्या, कडी घट्ट दिसते पण हलवली की घुंगरू निराळं वाजतं, तसलं हे. त्यांनी पेस्ट लावली, सोल्डरगन टेकवली, जुना डाग वितळून पाण्यासारखा पसरला आणि नवा, चकचकीत, गोल बसला. शेजारच्या सगळ्या दिव्यांचे डागही त्यांनी एकेक तपासले आणि जिथं शंका वाटली तिथं नव्यानं दिले.

पॅनेल परत गाडीत बसवलं. ऋतुराजनं बटण दाबायच्या आधी वहिनींना खूण केली, तुम्हीच दाबा. वहिनींनी दाबलं.

नारिंगी! परत दाबलं, बंद. परत दाबलं, चालू. ऋतुराजनं पॅनेलवर बुक्की मारून बघितली, तरी दिवा हलला नाही. मग त्यानं दोन्ही हात वर करून हवेत पंजे थरथरवले. टाळ्या अशा वाजवतात त्यांच्यात, चिमणाबाईंनी सांगितलं. लगेच आकाराम, मी, बापूसो, समोरचे लेथवाले, सगळ्या बोळानं हात वर करून पंजे थरथरवले! ऑइलनं काळे झालेले हात, रेडियमचे तुकडे चिकटलेले हात. वहिनी मधे उभ्या राहून लाजून लाल झाल्या होत्या.

बापूसो बाहेर बघून म्हणाले, "अगं, दिवस मावळला. तुझं जेवण?"

चौगुले जैन, त्यांच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. वहिनींनी डबा उघडलाच नव्हता. चिमणाबाईंना फार वाईट वाटलं. "आमच्यापायी उपास घडला की तुमास्नी! चार घास खावा की, देव काय म्हणत न्हाय."

"मला भूकच न्हाई, मावशी," वहिनी म्हणाल्या. "खरंच न्हाई. पोट भरल्यासारखं वाटालंय."

मायलेक त्या रात्री कोल्हापुरातच पावण्यांकडं राहिले. कारण आकारामनं हट्ट धरला, की धुक्यात बघितल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पन्हाळ्याला निघालो. चालवायला ऋतुराज, त्याच्या शेजारी चंदनावहिनी. मागं चिमणाबाई, आकाराम आणि मी, फाटक्या सीटवर दाटीवाटीनं. बापूसोंना दुकान सांभाळायचं होतं, तरी ते कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

वाघबीळ मागं पडलं आणि चढ लागला. धुकं खाली उतरलेलं, रस्त्याच्या कडेची झाडं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. एका रुंद जागी ऋतुराजनं गाडी कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि मुद्दाम एसी बंद करून नारिंगी लावला. गाडीत पाच माणसं, कपडे ओले. बघता बघता काच पांढरी झाली. समोरचं काही म्हणता काही दिसेना. चिमणाबाईंनी पुढच्या सीटची कड घट्ट धरली. घाटातला तो दिवस त्यांना आठवत असणार.

ऋतुराजनं मागं वळून आईकडं बघितलं. बोटानं पॅनेल दाखवलं. नारिंगी बंद केला. विझला. एसीचं बटण दाबलं. हिरवा लागला. मग हवा पुढच्या काचेवर सोडली आणि हात मांडीवर ठेवून शांत बसला.

काच खालून उघडायला लागली. आधी वायपरपाशी एक काळी पट्टी, मग ती वर वर सरकत गेली, मग बॉनेट दिसलं, मग कडेचा कठडा, मग कठड्यावर बसलेलं एक भिजलेलं माकड! ते आमच्याकडंच बघत होतं.

"जमलं!" आकाराम माझ्या कानाशी ओरडला. "वहिनी, नाद खुळा! नाद खुळा काम!"

आणि ऋतुराज हसला. आवाजासकट. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, जाडसर, मोकळा. त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हातांनी ताल धरला. चंदनावहिनी दोन्ही हात गालांवर ठेवून त्या हिरव्या दिव्याकडं बघत बसल्या होत्या. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, आणि त्या काही एसीनं कोरड्या होणाऱ्या नव्हत्या.

चिमणाबाईंनी पुढं वाकून पोराच्या खांद्याला हात लावला. तो वळला. त्यांनी आधी स्वतःकडं बोट केलं, मग हात खाली दाबून घराची खूण केली. मग त्याच्याकडं बोट करून एकच बोट उभं केलं आणि पुढच्या रस्त्याकडं नेलं. आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ऋतुराजनं आईचा हात कपाळाला लावला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. तो पन्हाळ्याचा चढ आम्ही काय मजेत चढलो! वर जाऊन कणसं खाल्ली. वहिनींनी दोन खाल्ली.

त्या प्रवासाचं चित्रण मी ऋतुराजच्या फोनवर केलं होतं. त्याच्यासारख्या ऐकू न येणाऱ्या गाडीवाल्यांचा एक गट आहे, त्यात त्यानं ते टाकलं. आठवड्याभरात सांगलीहून एक गाडी आली. मग इचलकरंजीची. मग ऐकू येणारी माणसंही यायला लागली, कारण दिवे सगळ्यांचेच जातात आणि पॅनेल सगळ्यांनाच मिळत नाही. कुणी एसीचं आणलं, कुणी खिडकीच्या बटणांचं, कुणी वेगाच्या काट्यामागचा दिवा. आकाराम पॅनेल काढून द्यायचा, वहिनी डाग द्यायच्या, तो परत बसवायचा. दोघांची वादावादी दिवसभर चालायची आणि दोघांनाही ती आवडायची.

सगळंच जमलं असं नाही. शिरोळकडची एक गाडी आली, पुरात डॅशबोर्डपर्यंत बुडालेली. बोर्डावर हिरवट गंज चढलेला, वीज नेणाऱ्या तांब्याच्या रेषाच खाऊन टाकलेल्या. वहिनींनी घासून, पुसून, तारा जोडून खूप खटपट केली. नाही जमलं. त्या गिऱ्हाइकाला त्यांनी सरळ सांगितलं, "माझ्याच्यानं होत न्हाई हे," आणि दिवसभर नुसतं रेक्झिन शिवत बसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतानाच मला म्हणाल्या, "जोतीराम, तांब्याची रेघ नवी कशी वढायची, ते शिकवणारं कोण भेटंल का रं?" मी शोधून दिलं. एका कॉलेजातल्या मास्तरांना त्यांनी गाठलं, मास्तर दर रविवारी दुकानात येतात. त्यांनाही चांदीचा डाग कसा देतात ते शिकायचं होतं, मग आता देवघेव चालते.

दिवाळीच्या आधी पाटी करायला त्या माझ्याकडं आल्या. बापूसो म्हणाले, "आपल्या दुकानाच्या पाटीखाली बारीक अक्षरात टाक." वहिनी म्हणाल्या, "बारीक कशाला? डोळं कुणाला हाईत? मोठं टाक." मी हिरव्या रेडियममध्ये कापलं: 'गाडीच्या एसी पॅनेलचे दिवे दुरुस्त होतील. चंदना चौगुले.' बापूसोंनी स्वतः शिडी धरली. पाटी लागल्यावर ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन बराच वेळ ती वाचत उभे होते.

आता नवीन नाद लागलाय. दुरुस्त झालेली गाडी बोळातून हलवायला दर वेळी कुणाला तरी हाका माराव्या लागतात, ते वहिनींना पटेना. त्यांनी गाडी शिकायची ठरवली. आकाराम शिकवायला बसला, पण तो इतका ओरडायचा की वहिनी क्लच सोडून कान धरायच्या. शेवटी ऋतुराजनं ते काम घेतलं. बुधवारी तो मैदा न्यायला कोल्हापुरात येतो, तेव्हा त्यांना शेंडा पार्ककडं नेतो. तो शेजारी बसतो, एक अक्षर बोलत नाही. तळहात खाली केला की सावकाश. बोट पुढं केलं की जा. मूठ मिटली की ब्रेक.

गेल्या बुधवारी मी आणि बापूसो मागं बसून गेलो होतो. वहिनी पहिल्या गिअरवरनं दुसऱ्यावर गेल्या, गाडी एक धक्कासुद्धा न देता पळायला लागली. समोर कुणी नसताना त्यांनी हॉर्न दिला. मग परत दिला.

"कुणाला द्यालीस हॉर्न?" बापूसो ओरडले.

"असाच!" वहिनी म्हणाल्या. "मजा येत्या की!"

ऋतुराजनं बोट पुढं केलं, मोकळ्या रस्त्याकडं. वहिनींनी तिसरा गिअर टाकला.

"थांब, थांब! मला आधी उतरू दे!" बापूसो म्हणाले.

पण त्यांचं ऐकायला गाडीत कुणालाच वेळ नव्हता.